मल्टिपल स्क्लेरोसिस आणि व्यायाम : विश्रांतीच्या सल्ल्याचा पुनर्विचार

प्रस्तावना :
मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू, मज्जारज्जू व दृष्टिचेता यांचा दीर्घकालीन आजार होय. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चेतातंतूंवरील मायलिन या आवरणावरच आघात करते. परिणामी संदेशवहन मंदावते अथवा खंडित होते. हा आजार बहुधा २० ते ४० या वयात, म्हणजे शिक्षण व नोकरीच्या ऐन काळात, प्रकट होतो. अशा रुग्णांनी श्रम टाळावेत, असा सल्ला दीर्घकाळ दिला जात असे. त्यामागील कारणांची मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उथॉफ यांचे निरीक्षण :
जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये काही रुग्णांची दृष्टी श्रमानंतर तात्पुरती अंधूक होत असल्याचे नोंदविले. पुढे असे स्पष्ट झाले की, याचे कारण श्रम नसून श्रमाने वाढणारे शरीराचे तापमान होय. मायलिन झिजलेल्या चेतातंतूत तापमानाच्या अल्पशा वाढीनेही संदेशवहन अडखळते. शरीर थंड होताच ते पूर्ववत होते. म्हणजेच लक्षणे काही काळ वाढतात, आजार वाढत नाही.

व्यायामाची उपयुक्तता :
सततच्या विश्रांतीने स्नायू क्षीण होतात, हृदयाची क्षमता घटते व थकवा अधिकच जाणवतो. आजाराने जे हिरावलेले नसते, तेही अशा रीतीने गमावले जाते. १९९६ मध्ये अमेरिकेतील यूटा विद्यापीठातील संशोधकांनी ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १५ आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाने हृदय-श्वसनक्षमता व स्नायुबळ सुधारल्याचे आढळले. कॅनडात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्या प्रौढांनी आठवड्यातून २ वेळा ३० मिनिटे मध्यम एरोबिक व्यायाम व २ वेळा स्नायुबळाचा व्यायाम करावा.

दक्षता :
व्यायाम हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. तो डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने वाढवावा. विदर्भ-मराठवाड्यासारख्या उष्ण प्रदेशात पहाटेची वेळ, पंखा व थंड पाणी यांना विशेष महत्त्व आहे. तोल जाणाऱ्यांना स्थिर सायकल अधिक सुरक्षित ठरते. नवी लक्षणे २४ तासांहून अधिक टिकल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक आहे.

निष्कर्ष :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या आजाराचा समावेश आहे. तथापि, अशा विद्यार्थ्याला केवळ सवलत म्हणून क्रीडांगणापासून दूर ठेवणे हितावह नाही. त्याला सावली, सोयीची वेळ व मध्ये थांबण्याची मोकळीक देणे, हेच खरे साहाय्य होय.