एम-20वरची सही

1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले. 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. त्याच 1960 सालाचा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 26 जानेवारी 1962 पासून लागू झाला. या मुलखात गावाकडे ‘सोसायटी’ म्हटलं की आजही पीककर्ज देणारी विकास सोसायटी आठवते आणि ‘चेअरमन’ म्हटलं की साखर कारखान्याचा. सांगलीच्या विश्रामबागेत, साताऱ्याच्या शाहूपुरीत बारा-सोळा फ्लॅटच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा हे शब्द तिथेही आले. चेअरमनपद हा मान आणि सेक्रेटरीपद ही बिनपगारी उस्तवार, अशी वाटणी होऊन बसली. जबाबदारी या वाटणीत आलीच नाही.

कायद्यात मात्र ती होती. समितीवर आलेल्या प्रत्येकाला पूर्वी एम-20 नमुन्यात बंधपत्र द्यावं लागे. समितीच्या निर्णयांना आपण इतरांसह आणि एकट्यानेही उत्तरदायी आहोत, असा त्याचा अर्थ. रंगकामाचं कंत्राट दरपत्रकं न मागवता दिलं गेलं आणि मी बैठकीत गप्प बसलो, तर माझं गप्प बसणंही त्या निर्णयातच मोजलं जातं. विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्यायचा. किती जणांनी ही सही वाचून केली असेल?

सांगलीकरांना या जबाबदारीचा अर्थ कळला तो वेगळ्याच वाटेने. 2009 मध्ये रिझर्व्ह बँकेने वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला आणि पुढे माजी संचालकांविरुद्ध कलम 88 खाली जबाबदारी निश्चितीची चौकशी चालली. संस्थेचं नुकसान संचालकाच्या खिशातून भरून घेण्याचं हे कलम बँकेपुरतं नाही. सोळा फ्लॅटच्या नोंदणीकृत सोसायटीच्या खजिनदारालाही ते तितकंच लागू आहे. (ज्या इमारतींची नोंद 1970च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करून झाली, तिथे हा मार्ग तसाच्या तसा लागू होत नाही. फ्लॅट घेतानाच हे विचारून घ्यावं.)

पण मला जास्त टोचतो तो भ्रष्टाचार नव्हे, भिडस्तपणा. ‘आमच्या काळात मेंटेनन्स एक रुपयाने वाढवला नाही,’ हे वाक्य मी अभिमानाने सांगितलेलं ऐकलं आहे. उपविधींप्रमाणे सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी पाऊण टक्का जमवायचा असतो. तो न जमवणं म्हणजे आज शेजाऱ्यांची मर्जी राखून दहा वर्षांनंतरच्या रहिवाशांवर बोजा टाकणं. 2005च्या पुरानंतर हे उमगायला हवं होतं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली आणि 2021 मध्ये पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर पंप, मीटर, लिफ्टची मोटर नव्याने बसवायला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न जिथे उभा राहिला, तिथे दोष एकट्या नदीचा नव्हता. विम्याचा हप्ता आणि निधी या समितीच्या टेबलावरच्या गोष्टी आहेत. स्ट्रक्चरल ऑडिटचंही तेच. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनीचं तीन वर्षांतून एकदा ते करायचं. 11 डिसेंबर 1967 ची कोयनेच्या भूकंपाची पहाट ज्या मुलखाने पाहिली, तिथे हा खर्च पुढच्या सभेवर ढकलला जाऊ नये.

कायदा मधल्या काळात बराच बदलला. 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आली. बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वाट खुली झाली. त्यानंतरही कागद गोळा न करणाऱ्या समितीला ‘बिल्डर ऐकत नाही’ ही सबब उरली नाही. 2013 च्या दुरुस्तीनंतर वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घेणं आणि लेखापरीक्षण वेळेत करून घेणं यावरची पकड घट्ट झाली. 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरणच आलं.

आजही सर्वांत अवघड जातं ते एकच. जिन्यात रोज भेटणारे काका कायद्याचा आधार घेऊन हिशेबाच्या वह्या पाहायला मागतात आणि सेक्रेटरीला तो अविश्वास वाटतो. वर्षानुवर्षं फुकट राबलेल्या माणसाला असं वाटणं मी समजू शकतो. पण व्हाउचरची फाईल त्याच्या घरच्या कपाटात असली तरी ती सगळ्या सोसायटीची आहे. काकांनी मागितल्यावर त्यांना आत बोलवावं, खुर्ची द्यावी आणि फाईल समोर ठेवावी.