काळविटाच्या बैठकीखालचं रान

गुजरातेत भावनगरजवळ वेळावदर नावाचं गवताळ राष्ट्रीय उद्यान आहे. मीलनाच्या काळात तिथल्या उघड्या माळावर काळविटांचे नर शेजारीशेजारी ठाण मांडतात. प्रत्येकाचा तुकडा लहानसा, पण तेवढ्यासाठी मळसूत्री शिंगं एकमेकांत अडकतात. तिथे ना पाणी असतं, ना खास चारा. माद्या येतात त्या फक्त नर पाहायला. हे खरंखुरं स्वयंवरच!

जागा राखणारा नर ती सहसा सोडत नाही. लेंड्याही ठरल्या ठिकाणीच टाकतो आणि त्या ढिगावरच बसतो. नवल पुढेच आहे. वेळावदरला वेडी बाभूळ माजली आहे. ही मूळची अमेरिका खंडातली, माणसानं इथे आणून लावलेली. गवत वाळलं की काळविटं तिच्या गोडसर शेंगा खातात. कठीण कवचाच्या बिया पोटातून धडधाकट बाहेर पडतात आणि नेमक्या त्या ढिगांत साठतात. संशोधकांनी ढीग तपासले, तेव्हा स्वयंवराच्या जागी या बियांची गर्दी आढळली. बियाण्याला खत मिळालं आणि सावली नसलेली मोकळी जमीनही. मोकळ्या माळावर जगणारा प्राणी नकळत तोच माळ झाकून टाकणारं झाड पेरतो आहे, हे कळल्यावर मी थक्क झालो.

माळ झाकला गेला तर काळविटाचं काय? त्याचं सारं संरक्षण दूरवर पाहण्यात आणि पळण्यात आहे. ताशी ८० किलोमीटरपर्यंत जाणारा हा वेग चित्त्याच्या सोबतीनं घडला असावा. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. वेग मात्र राहिला. आता मागावर असतो तो लांडगा. काळवीट गवत चरतो, लांडगा काळविटावर जगतो. हरणं नसतील तर त्याची धाव धनगराच्या मेंढ्यांकडे वळते. झुडपांच्या गर्दीत हा सगळा हिशोब बिघडतो. म्हणून वेडी बाभूळ काढणं हेही काळविटाचं संवर्धनच.

आपल्याकडे कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य आहे, काळविटांसाठी १९८० साली राखलेलं. क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर! काळविटं कुंपण कुठे मानतात? ती भोवतालच्या माळावर आणि शेतातही चरतात, शेतकरी नुकसान सोसतो. त्याला भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे, नाहीतर संवर्धनाचा भार एकट्या त्याच्या माथी.

आपण मात्र माळरानाला ‘पडीक’ म्हणतो आणि पावसाळा आला की तिथे झाडांसाठी खड्डे खणायला निघतो. तुमच्या गावात असा बेत ठरत असेल, तर आधी त्या माळावर काय चरतं, काय अंडी घालतं, ते एखाद्या मेंढपाळाला विचारा. झाडं गावठाणात, बांधावर, रस्त्याकडेला लावा. माळ मोकळा राहू द्या.