मोटरमनच्या हातावरचा पेढा

मुलुंडहून एका वाचक बाईंनी पत्रात विचारलं आहे : ‘घरात आजारपण, मुलाची नोकरी गेलेली आणि दिवाळी तोंडावर आली आहे. जो तो मोबाइलवर एकच सल्ला पाठवतो, की रोज रात्री वहीत पाच चांगल्या गोष्टी लिहा, मन हलकं होईल. विज्ञान खरंच असं म्हणतं का? मी लिहायला बसते आणि मला रडू येतं.’

ही वही आली कुठून, ते आधी पाहू. २००३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले रॉबर्ट एमन्स आणि मायामी विद्यापीठातले मायकेल मॅककलो यांनी तीन प्रयोग एकत्र प्रसिद्ध केले. पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटानं आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे, मनापासून कृतज्ञता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्यानं आठवड्यातल्या कटकटी लिहायच्या आणि तिसऱ्यानं नुसत्या घडामोडी. कृतज्ञ गट अधिक समाधानी निघाला, व्यायामही जास्त करू लागला. बातमी जगभर गेली ती या प्रयोगाची. मला मात्र तिसरा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यातली माणसं धडधाकट विद्यार्थी नव्हती. स्नायू आणि मज्जातंतूंच्या आजारांशी रोज झगडणारी ही ६५ माणसं होती. २१ दिवस लिहिल्यावर कृतज्ञ गटातल्यांना झोप जास्त लागू लागली, सकाळी ताजंतवानं वाटू लागलं, आणि त्यांच्या जोडीदारांनाही फरक जाणवला. अडचणीच्या काळातही हे साधू शकतं, असं म्हणायला इथे आधार आहे.

पण आधार केवढा? दुसऱ्या प्रयोगातला ठळक फरक दिसतो तो कटकटी लिहिणाऱ्यांशी तुलना केल्यावर. रोज रात्री बसून आपले त्रास मोजायला लावले, तर कुणाचंही मन खालीच जाणार. आपण इतरांपेक्षा कशात बरे आहोत हे लिहिणाऱ्या तिसऱ्या गटाशी तुलना केली की तोच फरक बराच आकसतो. शिवाय २००५ साली सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांना असं आढळलं, की आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. म्हणजे सल्ल्यातला ‘रोज’ हा शब्दच डळमळीत आहे. पुढे २०२० साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी अशा २७ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. उदासी आणि चिंता यांवर वहीचा परिणाम होतो, पण तो किरकोळ असतो, असं त्यांना दिसलं. ज्यांना या दोन्हींतून खरोखर बाहेर पडायचं आहे त्यांनी सिद्ध झालेले उपचार घ्यावेत, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

तेव्हा बाई, वही खुशाल मिटून ठेवा. लिहिताना रडू येतं म्हणून तुमची कृतज्ञता खोटी ठरत नाही आणि तुम्ही कमकुवतही ठरत नाही. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

मग कृतज्ञतेत काहीच दम नाही का? आहे, पुष्कळ आहे. मार्टिन सेलिग्मन यांच्या गटानं २००५ साली अनेक व्यायाम एकमेकांशी ताडून पाहिले. त्यातला एक असा होता : ज्यानं आपल्यासाठी काही केलं, पण ज्याचे आभार मानायचे राहून गेले, अशा माणसाला पत्र लिहायचं आणि आठवड्याच्या आत स्वतः जाऊन ते हातात द्यायचं. सगळ्या व्यायामांत तत्काळ आनंद सर्वांत जास्त वाढला तो याच पत्रानं. महिनाभरानंतरही तो टिकून होता, पुढे ओसरला. २०१८ साली अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी याच पत्राची दुसरी बाजू तपासली. पत्र मिळणाऱ्याला काय वाटेल, याचा अंदाज लिहिणाऱ्यांना आधीच करायला सांगितलं. त्यांना वाटलं, समोरचा अवघडेल. प्रत्यक्षात पत्र मिळालेली माणसं अंदाजापेक्षा कमी अवघडली आणि अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सुखावली. लिहिणारा शब्द नीट जमले की नाही या काळजीत असतो, वाचणाऱ्याला त्यातली माया दिसत असते. आभार मानायचे राहून जातात त्याचं एक मोठं कारण हा चुकलेला अंदाज आहे.

आभार असे हातोहात देण्याची रीत पाहायला आता आपल्या मुंबईच्या लोकलकडे येऊ. दसऱ्याला सुट्टी असते, म्हणून डब्यातली पूजा होते ती आदल्या कामाच्या दिवशी. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, कुठेही जा, वर्षानुवर्षं एकच गाडी आणि एकच डबा पकडणारे ग्रुप त्या दिवशी लवकर येतात. पिशव्यांतून झेंडूच्या माळा, आंब्याचे टाळे, रंगीत कागद निघतात. सामान ठेवायच्या फळीवर देवीचा फोटो लागतो, दारातल्या खांबाला माळ गुंडाळली जाते, भजनी ग्रुप असेल तर टाळ वाजू लागतात. बायकांच्या डब्यात तर नव्या साड्या आणि डब्यांतून आणलेला प्रसाद. मग दोघं-तिघं फलाटावरून पुढे पळत जातात, मोटरमनच्या केबिनच्या काचेखाली हार चढवतात, नारळ वाढवतात आणि मोटरमनच्या हातावर पेढा ठेवतात. मागे गार्डलाही तोच मान. गार्डचं पदनाम २०२२ मध्ये ‘ट्रेन मॅनेजर’ झालं, पण हाक अजून गार्डसाहेब अशीच मारतात.

मोटरमनचा तो हात नीट पाहण्यासारखा असतो. गाडी चालवताना मोटरमनला कंट्रोलरची मूठ सतत दाबून धरावी लागते. चक्कर आली, झटका आला आणि हात सुटला, की गाडीला आपोआप ब्रेक लागतात. रेल्वेवाले याला डेडमॅन हँडल म्हणतात. डब्यात घाम पुसत उभ्या असलेल्या हजारो माणसांचा जीव त्या मुठीवर असतो, आणि त्यांतल्या बहुतेकांनी मोटरमनचा चेहरा कधी पाहिलेला नसतो. वर्षातून एका सकाळी तो चेहरा दिसतो.

असे उपकार आणि त्यांची जाणीव निसर्गात का असावी, हा प्रश्न रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ च्या एका विलक्षण निबंधात सोडवायला घेतला. नात्यागोत्याचा नसलेला प्राणी दुसऱ्याला मदत का करतो? देणाऱ्याला थोडी तोशीस पडते, घेणाऱ्याचा फायदा मोठा होतो, आणि पुढे कधीतरी पारडं उलटं होतं, म्हणून. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली कोस्टा रिकातल्या रक्तपिपासू वटवाघळांत हेच दाखवलं. दोन-तीन रात्री उपाशी राहिलं की हे वटवाघूळ मरतं, आणि अशा वेळी ढोलीतलं ओळखीचं वटवाघूळ आपल्या पोटातलं रक्त ओकून त्याला पाजतं. ट्रिव्हर्स म्हणतात, माणसात या व्यवहाराचं भान कृतज्ञता ठेवते. दुसऱ्यानं किती झळ सोसून आपल्याला किती दिलं, याला ही भावना फार हळवी असते. मुलुंडहून सीएसएमटीला जाणाऱ्या अनेक ग्रुपांत घाटकोपर किंवा कुर्ला आलं की बसलेले उठतात आणि उभ्या असलेल्यांना बसायला देतात. कुणी नोंद ठेवत नाही, पण कुणी विसरतही नाही. पाय सुजलेल्या माणसाला मिळालेली चौथी सीट म्हणजे जेमतेम वीतभर जागा, तरी तिचं मोल त्याला विचारावं.

या देण्याघेण्यात अनोळखी माणूसही सामील होतो. २००६ साली बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात मोनिका बार्टलेट आणि डेव्हिड डिस्टेनो यांनी एक प्रयोग रचला. कंटाळवाणं काम संपत आलेलं असताना समोरचा मॉनिटर मुद्दाम बंद पाडायचा, आणि शेजारी बसलेल्या ‘सहभागी’नं, म्हणजे प्रयोगकर्त्यांच्याच माणसानं, तो खटपट करून सुरू करून द्यायचा. नंतर कुणी एक लांबलचक फॉर्म भरून मागितला, तर अशी मदत मिळालेल्यांनी त्यासाठी जास्त वेळ दिला, मागणारा अगदी अनोळखी असला तरीही. मात्र मदत नेमकी कुणी केली होती याची आधी आठवण करून दिली, की अनोळखी माणसासाठीचा जास्तीचा वेळ नाहीसा झाला. कृतज्ञतेला आपला पत्ता माहीत असतो. तो पुसट असेल तेव्हाच ती वाटेत भेटेल त्याच्या दारी जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री लालबहादूर शास्त्री मार्गावरून, पश्चिम द्रुतगती मार्गावरून चालत निघालेल्यांना अनोळखी हातांनी चहा-बिस्किटं दिली. ते हात कुणाचे, हे घेणाऱ्यांना कधीच कळलं नाही. पुढच्या वळणावर त्यांतलेच कित्येक जण दुसऱ्याला हात देत होते.

इथे एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अर्जुन अप्पादुराई, जन्म मुंबईचा, १९४९ चा. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून अमेरिकेला गेलेले मानवशास्त्रज्ञ. जागतिकीकरणावरच्या लेखनासाठी ते जगभर ओळखले जातात. पण १९८५ साली त्यांनी ‘इथॉस’ या नियतकालिकात दक्षिण भारतातल्या कृतज्ञतेवर एक छोटा लेख लिहिला होता. तमिळ समाजात आभार शब्दांत क्वचित मानले जातात. ते परतफेडीत, वागण्यात आणि चारचौघांत दिलेल्या मानात दिसतात, आणि म्हणून कृतज्ञता ही फक्त आतली भावना न धरता सामाजिक कृती म्हणून पाहावी, असं त्यांनी मांडलं. एमन्स यांच्या वहीच्या १८ वर्षं आधी! कृतज्ञतेवरच्या लोकप्रिय पुस्तकांत हा लेख मला अभावानेच भेटतो, याचं मला वाईट वाटतं. वहीवाल्यांनी तो वाचला असता तर आभार मानणाऱ्याच्या मनात काय चाललं आहे एवढ्यावरच त्यांची नजर थांबली नसती. २०१८ साली सिमियन फ्लॉइड आणि सहकाऱ्यांनी पाच खंडांतल्या आठ भाषांतली घरगुती बोलणी रेकॉर्ड करून तपासली. मागितलेली मदत मिळाल्यावर तोंडानं आभार मानले गेले ते साधारण विसांतून एकदा. बाकी वेळी माणसं एकमेकांसाठी मुकाट्यानं करत राहिली. आपल्याकडे आईला कुणी ‘आभारी आहे’ म्हणत नाही. म्हटलं तर ती ‘काय झालं रे तुला?’ म्हणून कपाळाला हात लावून पाहील. पण वॉचमनला फराळाचं ताट जातं, कचरा नेणाऱ्याला दिवाळीचं पोस्त दिलं जातं, आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहिलं जातं ते नव्या केरसुणीला.

हातानं द्यायचं राहिलं आणि नुसता आवाज उरला की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. करोनाशी झुंजणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांचे आभार म्हणून २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता उपनगरांतल्या गॅलऱ्या थाळ्यांनी दणाणल्या. त्यातली भावना खोटी होती असं मी म्हणणार नाही. मीही वाजवली होती. पण त्याच दिवसांत देशभरातून डॉक्टर-परिचारिकांना भाड्याची घरं सोडायला सांगितल्याच्या बातम्या आल्या, आणि एक महिन्यानं, २२ एप्रिलला, आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध केंद्राला वटहुकूम काढावा लागला. थाळीच्या आवाजाला पत्ता नव्हता. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सचा जिना अडवू नये, तिला दूध-भाजी आणून द्यावी, हा कृतज्ञतेचा पत्ता होता. ज्या सोसायट्यांनी ते केलं, त्यांची आठवण त्या नर्सेसना आजही असेल.

कृतज्ञतेचा आणखी एक धोका मला जास्त खुपतो. जर्मनीतल्या ओस्नाब्र्युक विद्यापीठातल्या इना क्सेनोफोंतोव्ह आणि युलिया बेकर यांचे प्रयोग सांगतात, की वरचढ गटानं आधी अन्याय करून मग थोडी मदत केली आणि दुबळ्या गटातल्या माणसांनी तिचे आभार मानले, तर अन्यायाविरुद्ध उभं राहण्याची त्यांची तयारी कमी होते. ‘आहे त्यात समाधान मान’ हा सल्ला संकटातल्या माणसाला कुणीही सहज देऊन जातं, आणि देणाऱ्याला त्यासाठी काही करावं लागत नाही. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, नवमी. सकाळी डब्यांना झेंडूच्या माळा लागलेल्या असताना एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. मोटरमनला पेढा देणाऱ्यानं रुंद पूल मागायचा नाही, असा हिशेब होऊच शकत नाही. पेढा एका माणसाच्या कष्टांना असतो आणि पूल ही व्यवस्थेकडची थकबाकी असते. घरात आजारपण असलेल्या माणसानंही शेजाऱ्याचे उपकार मानावेत आणि हॉस्पिटलच्या बिलाबद्दल भांडावंही.

दसऱ्याच्या लोकलवर एक प्रयोग करावा, असं मला फार दिवसांपासून वाटतं. रेल्वेची परवानगी आणि मोटरमनची संमती घेऊन गाड्यांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट करायचे. एका गटात फक्त पेढा, दुसऱ्यात पेढ्याबरोबर डब्यातल्या सगळ्यांच्या सह्यांचं चार ओळींचं पत्र, आणि तिसऱ्यात पत्र व पेढा दोन्ही आठवडाभर उशिरा, म्हणजे तुलनाही होईल आणि कुणाचा मानही राहून जाणार नाही. मोटरमनला काय वाटेल, हे प्रवाशांना आधी विचारायचं. काय वाटलं, हे मोटरमनला त्याच दिवशी आणि तीन महिन्यांनी विचारायचं. दरम्यान डब्यात घाटकोपरला किती जण उठून जागा देतात, हे पूजेच्या आधी आणि नंतर मोजायचं. मुंबईतल्या कलिना, पवई किंवा देवनारच्या शिक्षणसंस्थांतल्या एखाद्या विद्यार्थ्यानं हे मनावर घ्यावं. पेढे ग्रुप आणतोच. प्रश्नावलीच्या झेरॉक्सचा खर्च मी देईन.