फोटोच्या मागची नावे

परिचारिकांचा इतिहास लिहिताना कागदांआधी बहुतेक वेळा फोटोच हाती लागतात. मात्र फोटो कोणी काढला आणि कोणाला दाखवायला काढला, हे आधी विचारावे. १८९६-९७ च्या मुंबईतल्या प्लेगचे अल्बम पाहा. खाटा सरळ रांगेत, नर्स ताठ उभ्या. बंदोबस्त चोख आहे हे सरकारला दाखवायचे होते. त्याच मुंबईत लोक प्लेगच्या इस्पितळाच्या धास्तीने रोगी घरात लपवत होते, ते मात्र त्यात कुठेच नाही.

भंडाऱ्यात स्कॉटिश मिशन आले १८८२ मध्ये. मिशनच्या दवाखान्यांचे फोटो मायदेशी देणगीदारांकडे जायचे. अशा फोटोंखाली गोऱ्या मॅडमचे नाव बहुधा सापडते, शेजारी उभ्या असलेल्या इथल्या बाईचे क्वचितच.

स्वातंत्र्यानंतरचा साठा घरोघरी आहे. शपथविधीच्या दिवशी काढलेला ग्रुप फोटो: मधल्या खुर्चीत मेट्रन, मागे खळ लावलेल्या टोप्यांची रांग, सगळ्यांचे हात एकसारखे जुळलेले. या फोटोतून गणवेश कळतो, शिस्त कळते, कोण कोणाच्या शेजारी बसले तेही कळते. नाइट ड्युटी कळत नाही. बाळंतपणासाठी बैलगाडीतून खेड्यात गेलेल्या नर्सबाईचा फोटो काढायला तिथे कोण होते?

आणखी एक गोम आहे. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या फोटोवर नुसते ‘जि. भंडारा’ असेल, तर आमगाव किंवा देवरीचा दवाखानाही भंडाऱ्याच्या खाती पडतो.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १० बाळे गेली, ७ वाचली. छापून आले ते काजळलेल्या भिंतींचे आणि भेटीला आलेल्या नेत्यांचे फोटो. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला. त्या रात्री किती बाळांमागे किती सिस्टर होत्या, हे त्या भिंती सांगत नाहीत. त्यासाठी ड्युटी चार्टच काढावा लागतो. माझ्या मते चार्ट शेजारी ठेवल्याशिवाय असा फोटो पुरावा म्हणून वापरूच नये.

तुमच्या घरी निवृत्त सिस्टर असतील, तर एक दुपार त्यांच्याजवळ अल्बम घेऊन बसा. प्रत्येक फोटोच्या मागे नावे, गाव, वॉर्ड आणि साल लिहून घ्या. पेन्सिलनेच लिहा, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.