विकेंद्रित मुक्तस्रोत समाजमाध्यमे : वापर, पारख आणि वाढ

प्रास्ताविक

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील मराठी व उर्दू विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक छोटा उपक्रम केला होता. घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडी असलेले आणि दोन्ही भाषांत चालणारे शब्द गोळा करावयाचे व प्रत्येक शब्दाखाली घरात तो कसा वापरला जातो ते लिहावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. तारीख, वकील, दप्तर, इशारा हे शब्द कोशात मिळतात. परंतु आजीच्या बोलण्यात त्यांना जी छटा येते ती कोशात मिळत नाही. हे सर्व लेखन आम्ही इंटरनेटवरील एका विनामूल्य गटावर ठेवले. काही वर्षांनी ती सेवा बंद झाली. बंद होण्याची सूचना आली होती, पण ती ज्या विद्यार्थ्याच्या खात्यावर आली तो शिक्षण संपवून परगावी नोकरीला लागला होता. एका विद्यार्थिनीने वहीत उतरवून घेतलेली चार पाने तेवढी आमच्याकडे राहिली. ज्यांचे शब्द आम्ही लिहिले होते त्यांतील काही आज्या आता हयात नाहीत.

यात कोणी आम्हाला फसवले असे म्हणता येणार नाही. जागा दुसऱ्याची होती आणि ती केव्हा बंद करावी हे ठरविण्याचा अधिकारही त्याचाच होता. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय देणारे 'कू' हे भारतीय समाजमाध्यमही २०२४ साली बंद झाले. तेव्हा प्रश्न देशी-विदेशीचा नसून मालकीच्या रचनेचा आहे. एकच मालक नसलेले समाजमाध्यम असू शकते काय, ते चालते कसे, त्याची पारख कशी करावी आणि ते वाढविणे म्हणजे नेमके काय, याचा विचार प्रस्तुत लेखात 'मॅस्टोडॉन' या जाळ्याच्या आधारे केला आहे.

विकेंद्रित म्हणजे काय?

ईमेल आपण सर्वजण वापरतो. माझे खाते एका कंपनीकडे आणि आपले खाते विद्यापीठाच्या सर्व्हरवर असले, तरी पत्रव्यवहार अडत नाही. कारण पत्र कसे पाठवावे व कसे स्वीकारावे याचे नियम सर्वांसाठी समान आहेत आणि त्या नियमांवर कोणा एकाची मालकी नाही. विकेंद्रित समाजमाध्यमाचे तत्त्व हेच आहे. मॅस्टोडॉन हे एक संकेतस्थळ नसून हजारो स्वतंत्र सर्व्हरांचे जाळे आहे. काही सर्व्हर विद्यापीठांचे, काही संस्थांचे, तर काही हौशी व्यक्तींचे आहेत. त्यामुळे खात्याच्या पत्त्यात दोन भाग असतात : वापरणाऱ्याचे नाव आणि त्याच्या सर्व्हरचे नाव.

या सर्व्हरांमधील देवाणघेवाणीच्या नियमांना 'ॲक्टिव्हिटीपब' असे नाव आहे. वेबची प्रमाणके ठरविणाऱ्या 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम' या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्यांना अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. या नियमांनुसार प्रत्येक खात्याला येणाऱ्या व जाणाऱ्या टपालाच्या दोन पेट्या असतात. समजा, बेळगावातील एका प्राध्यापिकेने हैदराबादच्या सर्व्हरवरील एका संशोधकाचे लेखन वाचण्यासाठी त्याचे अनुसरण सुरू केले. तिच्या सर्व्हरकडून तशी विनंती हैदराबादच्या सर्व्हरकडे जाते, आणि पुढे संशोधकाने काही लिहिले की त्याची एक प्रत बेळगावच्या सर्व्हरवर येऊन पडते. 'प्रत' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मूळ लेखन पुसले तर ते पुसावे अशी सूचना इतर सर्व्हरांना जाते. परंतु दूरच्या प्रत्येक सर्व्हरने ती पाळली याची हमी कोणी देऊ शकत नाही.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

मॅस्टोडॉनचे सॉफ्टवेअर जर्मनीतील ऑयगेन रॉच्को या तरुणाने तयार केले आणि २०१६ साली ते सर्वांसाठी खुले झाले. त्याचा स्रोत कोणालाही वाचता, तपासता व बदलता येतो. अट एवढीच की, बदललेले सॉफ्टवेअर वापरून कोणी सेवा चालविली तर ती वापरणाऱ्यांना बदललेला स्रोतही उपलब्ध करून दिला पाहिजे. ही अट केवळ कागदावर नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये, त्या वेळी अमेरिकेचे माजी अध्यक्ष असलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीच्या 'ट्रुथ सोशल' या सेवेत मॅस्टोडॉनचा स्रोत वापरल्याचे आढळले. मॅस्टोडॉनच्या वतीने पत्र गेले आणि पुढील महिन्यात त्या सेवेला स्रोत प्रसिद्ध करावा लागला.

मात्र खुले सॉफ्टवेअर सज्जनांप्रमाणे दुर्जनांनाही खुले असते. अतिउजव्या विचारांच्या लोकांचा अड्डा बनलेल्या 'गॅब' या सेवेने जुलै २०१९ मध्ये मॅस्टोडॉनचेच सॉफ्टवेअर स्वीकारले. परवान्यानुसार तिला अडविणे शक्य नव्हते. तेव्हा जाळ्यातील बहुतेक सर्व्हरांनी आपापल्या पातळीवर तिच्याशी देवाणघेवाण बंद केली. सर्वांसाठी निर्णय घेणारा मालक नसला तरी आपल्या अंगणाचे दार लावण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो, हे यातून दिसून आले.

वापर : उत्साह आणि ओहोटी

भारतात या जाळ्याचे नाव नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वदूर पोहोचले. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते त्या सुमारास बंद करण्यात आले होते. नाझी सलाम करण्यास नकार देणाऱ्या एका जर्मन कामगाराचे जुने छायाचित्र त्यांनी खात्यावर लावले होते, हे त्याचे एक निमित्त होते. निषेध म्हणून अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. परंतु ही लाट लवकरच ओसरली. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी ईलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जगभर पुन्हा तसेच घडले. दरमहा मॅस्टोडॉन वापरणाऱ्यांची संख्या सुमारे ३ लाखांवरून महिन्याभरात २५ लाखांवर गेली, आणि पुढे त्यातील बरेच लोक निघून गेले.

परत जाण्याची कारणे शिक्षकाने समजून घेण्यासारखी आहेत. येथे जाहिराती नसतात आणि लेखन ज्या क्रमाने लिहिले गेले त्याच क्रमाने दिसते. कोणते लेखन पुढे आणावे हे कंपनीचे यंत्र ठरवीत नाही. याचाच अर्थ असा की, नवागताला माणसे बरीचशी स्वतःच शोधावी लागतात. लहान नव्या सर्व्हरवर तर प्रारंभी जवळजवळ सामसूम असते, कारण तेथील सदस्य ज्यांचे अनुसरण करतात त्यांचेच लेखन मुख्यतः तेथे पोहोचते. म्हणून एकट्याने खाते उघडण्यापेक्षा आठ-दहा सहकाऱ्यांनी एकाच आठवड्यात उघडून परस्परांचे अनुसरण करणे अधिक उपयुक्त ठरते.

पारख : चार चाचण्या

सर्व्हर आपला असो वा दुसऱ्याचा, त्यावर विभागाचे काम नेण्यापूर्वी पुढील चार चाचण्या कराव्यात. यांसाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

पहिली चाचणी लिपीची. जोडाक्षरे असलेला मराठी मजकूर, उजवीकडून डावीकडे जाणारा उर्दू मजकूर आणि एकाच परिच्छेदात दोन्ही, असे तीन नमुने लिहावेत. ते दुसऱ्या सर्व्हरवर व साध्या फोनवर कसे दिसतात ते पाहावे. 'शिक्षण' या शब्दाचा हॅशटॅग केल्यास पूर्ण शब्द जोडला जातो की काना-मात्रेपाशी तुटतो, तेही तपासावे. उर्दू मजकूर बऱ्याच फोनवर नस्तालीकऐवजी नस्ख वळणात दिसतो. हा दोष जाळ्याचा नसून फोनमधील टंकाचा असतो. दोष कोठे आहे हे ओळखणे हाही चाचणीचाच भाग होय. उर्दूत आजही पुष्कळ मजकूर चित्राच्या रूपाने पाठविला जातो. तो शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचकयंत्राला वाचता येत नाही. मजकूर टंकित करावा. सुलेखनाचे चित्रच द्यावयाचे असल्यास त्याचे वर्णन सोबत लिहावे. मॅस्टोडॉनवर त्याची सोय आहे.

दुसरी चाचणी बाहेर पडण्याची. आपल्या लेखनाची संपूर्ण प्रत उतरवून घेता येते का, हे पहिल्याच महिन्यात करून पाहावे. मॅस्टोडॉनवर अशी प्रत सात दिवसांतून एकदा मागविता येते. खाते दुसऱ्या सर्व्हरवर नेल्यास अनुसरण करणारे लोक सोबत येतात, पण जुने लेखन येत नाही. ही मर्यादा आधीच ठाऊक असलेली बरी.

तिसरी चाचणी खासगीपणाची. केवळ एका व्यक्तीसाठी लिहिलेला मॅस्टोडॉनवरील संदेश सर्व्हर चालविणाऱ्यास तांत्रिकदृष्ट्या वाचता येऊ शकतो. म्हणून विद्यार्थ्यांचे गुण, तक्रारी किंवा घरगुती अडचणी तेथे लिहू नयेत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते व तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती अपेक्षित आहे. आपले अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी यात मोडतात.

चौथी चाचणी माणसांची. सर्व्हर कोण चालवितो, खर्च कोण करतो, तक्रार आल्यास कोण पाहतो? मॅस्टोडॉनने आपल्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरांसाठी काही अटी ठेवल्या आहेत. रोजच्या रोज माहितीची राखीव प्रत, आणीबाणीत सर्व्हर उघडू शकतील अशा किमान दोन व्यक्ती, आणि सेवा बंद करावयाची झाल्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना, या त्यांतील तीन होत. आमच्या शब्दसंग्रहासाठी यांपैकी शेवटच्या दोन अटी पाळल्या गेल्या असत्या तरी तो वाचला असता.

वाढ म्हणजे काय?

वाढ म्हटले की सदस्यसंख्या डोळ्यांपुढे येते. या जाळ्याचा आजवरचा अनुभव मात्र निराळे सांगतो. युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण पर्यवेक्षकांनी एप्रिल २०२२ मध्ये 'ईयू व्हॉइस' हा मॅस्टोडॉनचा सर्व्हर प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला. संघाच्या अनेक संस्थांनी त्यावर खाती उघडली. परंतु प्रयोग संपल्यावर तो कायमस्वरूपी चालविण्याची जबाबदारी घेणारी संस्था मिळाली नाही, आणि मे २०२४ मध्ये तो बंद झाला. सर्व्हर व्यक्तीचा असेल तर धोका आणखी वाढतो. 'मॅस्टोडॉन डॉट लोल' हा हजारो सदस्यांचा सर्व्हर २०२३ साली बंद झाला, कारण सदस्यांमधील वाद व त्रास यांना चालविणारा गृहस्थ कंटाळला होता. सॉफ्टवेअर चांगले होते, सदस्यही होते. उणीव होती ती भार वाहणाऱ्या खांद्यांची.

याउलट बीबीसीच्या संशोधन विभागाने २०२३ साली केलेल्या प्रयोगाची पद्धत आपल्याला घेण्यासारखी आहे. त्यांनी सर्व्हर उघडला, पण खाती केवळ आपल्या विभागांनाच दिली. मुदत सहा महिन्यांची ठेवली, आणि खर्च, श्रम व उपयोग यांचा आढावा घेऊन पुढचे ठरवावयाचे असे प्रारंभीच जाहीर केले. महाविद्यालयांनीही याच क्रमाने जावे असे सुचवावेसे वाटते. पहिले वर्ष चांगल्या चालणाऱ्या सर्व्हरवर विभागाचे खाते उघडून वापर करावा. दुसऱ्या वर्षी तीन-चार महाविद्यालयांनी मिळून केवळ शिक्षकांसाठी एक लहान सर्व्हर ठराविक मुदतीने चालवून पाहावा. सार्वजनिक नोंदणी तूर्त ठेवू नये, कारण इतरांचे लेखन वाहून नेणाऱ्या सेवेला २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमणे वगैरे कर्तव्ये येतात. सर्व्हरच्या नावाचे वार्षिक शुल्क संस्थेच्या अंदाजपत्रकात असावे, कोणा उत्साही प्राध्यापकाच्या खिशातून जाऊ नये.

वाढीचे आणखी एक काम तर भाषाशिक्षकांचेच आहे. मॅस्टोडॉनच्या पडद्यावरील शब्दांचे मराठी व उर्दू भाषांतर स्वयंसेवक करतात. पूर्वी लेखन प्रसिद्ध करण्याच्या बटणावर 'टूट' हा इंग्रजी शब्द असे. मॅस्टोडॉन हा हत्तीसारखा नामशेष प्राणी. त्याच्या आरोळीशी हा शब्द जुळतो. पण आपल्या कानांना त्यात उर्दूतील 'टूटना' ऐकू येते आणि मराठीतील 'तूट' आठवते! २०२२ साली त्या जागी 'प्रकाशित करा' या अर्थाचा साधा शब्द आला. असे शब्द पारखणे व सुचविणे हा भाषांतराच्या वर्गाला उत्तम पाठ होईल. त्याचप्रमाणे दोष आढळल्यास कोणता फोन होता, काय केले, काय अपेक्षित होते व काय दिसले, हे चार वाक्यांत लिहून कळविणे हा नेमक्या गद्याचा सराव आहे. मुक्तस्रोत प्रकल्पांत अशी नोंद सर्वांना दिसते व पुढे काय झाले तेही कळते.

समारोप

विकेंद्रित माध्यम स्वीकारल्याने आपले लेखन आपोआप अमर होत नाही. मालक गेला म्हणजे मालकाची कामेही आपल्याकडे येतात. राखीव प्रत घेणे, शुल्क भरणे, तक्रार ऐकणे आणि निवृत्त होताना किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देणे ही ती कामे होत. ग्रंथालय चालविणाऱ्या संस्थेला ही कामे नवी नाहीत.

यंदा आम्ही शब्दसंग्रहाला पुन्हा प्रारंभ केला आहे. विभागाचे खाते तीन जणांच्या नावे आहे. दर तीन महिन्यांनी सर्व लेखनाची एक प्रत उतरवून आणि एक छापून ग्रंथालयात ठेवावयाची, असा ठराव केला आहे. पहिल्या छापील प्रतीच्या प्रारंभी त्या विद्यार्थिनीच्या वहीतील चार पाने जोडली आहेत.