स्वस्त शाकारणीवाला आणि आपला हिशेब

राब भाजून झाला, वाल-हरभरा घरात आला, की आपल्या शहापूर, मुरबाड, वाड्याकडची किती तरी माणसे मुंबईच्या उपनगरांची वाट धरतात. कुणी कसाऱ्याची लोकल धरून मुलुंड-घाटकोपरला उतरतो, कुणी पालघरकडून बोरिवली-अंधेरीला जातो. काम एकच, पावसाआधी छपरे साफ करणे. कौले परतणे, पन्हाळी मोकळ्या करणे, पत्र्यावरचा पाला आणि शेवाळ काढणे, गच्चीची पाणी जायची तोंडे उघडणे. एप्रिल-मे या दोन महिन्यांत हाताला जे पैसे लागतात, त्यावरच भाताचे बियाणे आणि खत येते. त्यामुळे छपराचा हा धंदा आपल्या शेतीपासून वेगळा नाही.

गेल्या मेअखेरीस एसटी स्टँडवर एक ओळखीचे टोळीवाले काका भेटले. तोंड उतरलेले. म्हटले, "काका, यंदा लवकर परतलात?" तर म्हणाले, "काय करू साहेब, बारा वर्षांची गिऱ्हाइकं तुटली. मी दहा हजार सांगतो, दुसरा साडेसहात करतो. मग मीबी साडेसहात घेतलं. चार गड्यांचं काम दोघांत उरकायला गेलो, फळ्या नेल्या नाहीत, आणि पोरगा पत्र्यातून खाली गेला." पोराचा जीव वाचला, पण मांडीचे हाड मोडले. लावणीच्या वेळी तो खाटेवर आणि घरची लावणी मजुरांकडून. साडेसहा हजारांचे ते काम काकांना किती हजारांना पडले, ते तुम्हीच जोडा.

म्हणून आज पिकाविषयी न लिहिता याविषयी लिहितो आहे. स्वस्तात काम करणारा दरवर्षी येणारच. त्याच्याशी दरात झुंजायचे नाही. मग करायचे काय?

आधी आपला खर्च काढा

भाताचा हमीभाव ठरवताना कृषिमूल्य आयोग बियाणे, खत, मजुरी तर धरतोच, पण घरच्या माणसांनी केलेल्या कामाची मजुरीही खर्चात धरतो. आपण मात्र छपराच्या कामात स्वतःची आणि पोराची मजुरी धरतच नाही. वहीत असा हिशेब मांडा. आकडे केवळ उदाहरणादाखल दिले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा चार गडी, दोन दिवस, रोज ७०० रुपये. मजुरी झाली ५,६००. गाडीभाडे आणि जेवणखाण १,२००. दोर, खराटे, ब्रश, गळती बुजवायचा माल ९००. शिडी आणि फळ्यांची झीज ३००. काम बघायला आधी मारलेली खेप आणि देखरेख ६००. पहिल्या पावसानंतर एका माणसाची एक फेरी ८५०. बेरीज ९,४५०. त्यावर दहा टक्के नफा धरला तर १०,४०० च्या आसपास जाते. मग साडेसहाला काम घेणाऱ्याकडे मजुरी वजा जाता उरतात ९००. त्यात ना भाडे बसते, ना माल, ना फळ्या. म्हणजे एक तर तो गडी कमी आणतो, नाही तर फळ्या आणत नाही, नाही तर पाऊस पडल्यावर पुन्हा तोंड दाखवत नाही. कधी कधी तो आपल्यासारखाच अडलेला असतो आणि हिशेब न करता घरचे घालून काम करतो. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. पण त्याच्या मागोमाग खड्ड्यात उतरण्याचेही कारण नाही.

दर सांगू नका, कामाची यादी द्या

"छप्पर साफ करायचे किती?" असे विचारले की आपण पटकन एक आकडा बोलून मोकळे होतो. दुसरा त्याहून कमी बोलतो, आणि गिऱ्हाइकाला दोन्ही कामे सारखीच वाटतात. त्याची तरी काय चूक? वर चढून तो बघणार नाही. म्हणून साध्या कागदावर लिहून द्या : कौले किती परतणार, फुटकी बदलणार ती कुणाच्या खर्चाने, आढ्यावरची कौले पुन्हा बसवणार की नाही, पन्हाळी किती फूट साफ करणार, काढलेला कचरा खाली नेऊन टाकणार की नाही, गडी किती आणि दिवस किती. शेवटी यादीत काय धरलेले नाही तेही लिहा. मग नम्रपणे म्हणा, "दादा, दुसऱ्याकडूनही असंच लिहून घ्या, मग ठरवा." अर्धी भांडणे इथेच मिटतात.

गिऱ्हाईक खरेच अडचणीत असेल तर दर पाडू नका, काम कमी करा. "यंदा पन्हाळी आणि गळतीची बाजू करू, उरलेले पाखे पुढच्या वर्षी," असे सांगा. पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण त्या पैशांत जेवढे काम बसते तेवढेच करा.

छप्पर ओळखा

उपनगरात सगळी छपरे एकसारखी नाहीत. अंधेरीजवळचे आंबोली आणि मरोळ, बोरिवलीकडचे वझिरा आणि एक्सर अशा जुन्या गावठाणांत अजून कौलारू घरे दिसतात. नळीची कौले वारा, माकडे, मांजरे यांनी सरकतात, म्हणून ती दरवर्षी परतावी लागतात. मंगळुरी कौले बाझेल मिशनने १८६० च्या दशकात मंगळूरला बनवायला सुरुवात केली. ती एकमेकांत अडकून बसतात, त्यामुळे सगळी उचलण्याची गरज नसते. फुटकी तेवढी बदलायची आणि खाचांतली माती काढायची. ज्याला हा फरक कळत नाही तो स्वस्तात येतो आणि चांगली कौलेही पायाखाली फोडून जातो. फरक कळणाऱ्याने तो गिऱ्हाइकाला दाखवून द्यावा. दोन फोटो मोबाईलवर आधीचे, दोन नंतरचे. वरचे काम गिऱ्हाइकाला खाली बसून दिसले की दरावरची घासाघीस कमी होते.

कारखान्यांचे गाळे आणि डोंगरउतारावरच्या चाळी यांची छपरे बहुधा पत्र्याची. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षांनंतर कर्करोग होऊ शकतो. असा पत्रा कोरडा खरवडू नका आणि जोराच्या फवाऱ्यानेही धुऊ नका. पाला-कचरा ओला करून हाताने उचला, नाकातोंडाला चांगला मास्क बांधा. शेवाळ घासून लख्ख करून हवे असेल तर ते काम सोडलेले बरे. या पत्र्याच्या मध्यावर पाय देऊ नये. खालच्या आडव्या आधारावरून, म्हणजे बोल्टच्या ओळीवरून, आणि तेही फळी टाकूनच चालावे. दोर पक्क्या आधाराला बांधावा. फळी आणि दोर यांचा खर्च दरात धरलेला नसेल तर तो दर तुमचा नव्हे.

पहिल्या पावसाची बोली

स्वस्तवाल्याला जमत नाही अशी एक गोष्ट तुमच्याजवळ आहे. गिऱ्हाइकाला सांगा, "दहा टक्के पैसे हातात ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की मी येतो, कुठे ठिबकलं तर नीट करतो, मग द्या." मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून धरतात, म्हणजे पैसे फार दिवस अडकत नाहीत. सांताक्रूझ वेधशाळेची वर्षाची सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर आहे, आणि २६ जुलै २००५ ला तिथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा शहरात पावसानंतर परत येणाऱ्या माणसाची किंमत गिऱ्हाइकाला कळते. ही फेरी पेरणी-लावणीच्या धांदलीत येते, म्हणून टोळीतल्या एकाला आधीच नेमून ठेवा आणि बोललात तर जाच.

गच्चीचे काम घेतले असेल तर पाण्याच्या टाकीचे झाकण आणि पडलेली टायरे, डबे, ताडपत्रीचे खळगे तेही बघा. साचलेल्या पाण्यात डेंगी-मलेरियाचे डास होतात. दहा मिनिटांचे काम, पण सोसायटीवाले ते लक्षात ठेवतात.

वेळ आणि वही

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळेच धावत येतात, तेव्हा दराची मारामारी होते. फेब्रुवारी-मार्चमध्येच जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. तेव्हा ठरवणाऱ्याला थोडी सूट द्यायला हरकत नाही, कारण तुमचे दिवस आधीच भरतात. गिऱ्हाइकाचे नाव, छपराचा प्रकार, कुठे गळत होते, काय दिले, हे वहीत लिहा. पुढच्या वर्षी ती वहीच बोलते.

गावातल्या दोन-तीन टोळ्यांनी एकत्र बसून निदान इतके ठरवा की फळी, दोर आणि पुरेसे गडी असल्याशिवाय पत्र्यावर चढायचे नाही. मग कुणी कितीही दर पाडो. इमारतीच्या दुरुस्ती-देखभालीचे काम वर्षात ९० दिवस झाले असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीची चौकशीही करून ठेवा.

एवढे करूनही काही गिऱ्हाइके जातील. जाऊ द्या. "हरकत नाही, पुढे लागलं तर कळवा," म्हणून नंबर देऊन या, दुसऱ्याची निंदा करू नका. जुलैत गळू लागले की त्यातले काही जण फोन करतात. तेव्हा मात्र शेवाळलेल्या, ओल्या छपरावर घाईने चढू नका. उघडीप बघून जा.

काकांचा पोरगा आता काठी टेकत चालतो. यंदा काकांनी फेब्रुवारीतच वही काढली आणि मला हिशेब तपासायला दिला. फळ्यांची ओळ त्यांनी सगळ्यात वर लिहिली होती.