गाठीवर टिकेल असं लेबल

खामगावच्या जिनिंगमध्ये रुईची गाठ प्रेसमधून बाहेर पडते, तेव्हा तिचं वजन साधारण 170 किलो असतं. पट्ट्यांनी आवळलेली, कापडात गुंडाळलेली आणि शेजारच्या गाठीसारखीच हुबेहूब. तिची ओळख एवढीच, की अंगावर तळहाताएवढं लेबल असतं. पुढे ती गोदामात थप्पीला लागते, ट्रकवर चढते, दक्षिणेतल्या एखाद्या सूतगिरणीत उतरते. वाटेत हमाल तिला लोटतात, आकडी मारतात, फरशीवरून घासत नेतात. एवढं सोसून लेबल वाचता आलं पाहिजे.

बारकोड छापायला कोणती पद्धत घ्यावी, हा प्रश्न हल्ली लहानमोठ्या सगळ्याच धंद्यांत निघतो आणि विक्रेता बहुतेकांना एकच मशीन दाखवतो. किराणा दुकानाचं उत्तर सोपं आहे. म्हणून मी मुद्दाम अवघड गिऱ्हाईक शोधलं. बुलढाणा जिल्ह्यात त्यासाठी घाटाखाली उतरावं लागतं.

खामगाव आणि कापूस यांचं नातं सांगायला फार वेळ नको. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडाकडे वळली. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो इथे आले, जलंब ते खामगाव हा जेमतेम 13 किलोमीटरचा रेल्वेफाटा सुरू झाला, तो कापसासाठीच. त्या काळात गाठीवर पत्र्याच्या साच्यातून शाईने मार्का आणि नंबर उठवत. ठसठशीत अक्षरं, पाऊस लागला तरी ओळखू येणारी. माझं मत विचाराल तर टिकाऊपणात त्या साच्याला अजून तोड नाही. पण साच्याला गाठीचा इतिहास सांगता येत नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या गाठीवर आता प्रत्येकीचा वेगळा क्यूआर कोड असतो. कापूस कोणत्या गावातून खरेदी झाला, कोणत्या कारखान्यात रुई झाली, गाठ कधी विकली, हे त्यावरून शोधता यावं अशी ती व्यवस्था आहे.

‘प्रत्येकीचा वेगळा’ म्हटलं की छापखाना बाद होतो. मसाल्याच्या पुड्यावरचा 890 ने सुरू होणारा बारकोड पुड्याबरोबरच लाखाने छापून येतो, तिथे वेगळं मशीन घेणं म्हणजे पैसे वाया. ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर लेबलांचा कागद घालून दिवसाला पाच-दहा काढायची असतील तर तेही चालतं. एक लेबल हवं असताना अख्खा कागद आत घालावा लागतो, एवढीच कटकट. उरतात दोन थर्मल पद्धती. पहिलीत शाई नाही, रिबन नाही. कागदालाच रसायनाचा लेप असतो आणि तापलेलं हेड लागलं की तो काळा पडतो. कुरिअरच्या पाकिटाला, वजनकाट्याच्या पावतीला ही स्वस्त पद्धत उत्तम, कारण त्यांचं आयुष्यच चार दिवसांचं. पण जो कागद उष्णतेने काळा होतो, तो छापून झाल्यावरही उष्णतेने काळवंडतो, आणि उन्हात राहिला तर अक्षरं फिकी पडतात. एप्रिलमध्ये खामगावातल्या टिनाच्या शेडखाली असं लेबल लावणं म्हणजे विषाची परीक्षा.

म्हणून गाठीसाठी रिबनवालं मशीन. यात हेड रिबनवरचा काळा थर वितळवून लेबलावर बसवतं. मेणाची रिबन स्वस्त, कागदावर छान उठते, पण घासली की पुसते. रेझिनची महाग, प्लॅस्टिकच्या लेबलावर घट्ट धरते. दोन्हींच्या मिश्रणाचीही मिळते. आकडी आणि फरशी सोसायची तर प्लॅस्टिक आणि रेझिन. इथे पैसे वाचवू नयेत.

मी ज्या जिनिंगमध्ये बसलो होतो, तिथे मशीन सांभाळणाऱ्या तरुणाने झाकण उघडून हेड दाखवलं. चार इंची काचेसारखी गुळगुळीत पट्टी. तिच्यावर एका मिलिमीटरला आठ या हिशेबाने 832 तापणारे ठिपके ओळीने बसवलेले. त्यातला एक जरी मेला, तरी प्रत्येक लेबलावर त्याच जागी उभी पांढरी रेघ उमटते. गंमत पुढे आहे. बारकोडच्या काळ्या रेघा कागद सरकतो त्याच दिशेने छापल्या असतील, तर ती पांढरी रेघ एखादी बारीक काळी रेघ अख्खीच खाते आणि कोड वाचलाच जात नाही. तोच बारकोड आडवा फिरवून, शिडीच्या पायऱ्यांसारखा छापला, तर पांढरी रेघ प्रत्येक पायरीला थोडीशी छेदते, बाकीची पायरी शाबूत राहते आणि स्कॅनर बिनतक्रार वाचतो. जपानच्या डेन्सो वेव्हने 1994 मध्ये आणलेल्या क्यूआर कोडमध्ये तर दुरुस्तीची सोय आतच असते. सर्वांत वरच्या पातळीला सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळतो. हे त्या तरुणाला कुणी शिकवलं नव्हतं. लेबलं वाया घालवून तो शिकला होता.

“भाऊ, या मशीनले उन्हाचा काही तरास नाही,” तो म्हणाला, “तरास हाय तो रुईचा.”

रुईचा बारीक कण हेडखाली अडकला की तिथे ठिपका उठत नाही. ठिपका मेला की नुसता झाकला गेला, हे पुसल्याशिवाय कळत नाही. अल्कोहोल लावलेल्या फडक्याने रिबन बदलताना पुसायचं, नखाने खरवडायचं नाही. मशीन वेगळ्या खोलीत, दार लावून ठेवलं की हा त्रास संपतो आणि दुसरा सुरू होतो. खोलीत छापलेली लेबलं प्रेसपर्यंत हातात न्यावी लागतात. चिकटवणाऱ्याच्या हातून एक लेबल फाटलं किंवा एक गाठ सुटली, की पुढची सगळी एका घराने सरकतात. प्रत्येक लेबल स्वच्छ, प्रत्येक कोड वाचता येणारा आणि प्रत्येक गाठ चुकीच्या नावाची. गाठीतून काढून तपासणीला गेलेल्या नमुन्याची चिठ्ठी मग भलत्याच गाठीच्या तंतूची लांबी आणि जाडी सांगते. यावर उपाय म्हणजे गाठ काट्यावर चढली की तेव्हाच लेबल छापायचं, एक गाठीला आणि जोडीचं नमुन्याला. म्हणजे मशीन पुन्हा रुईत. लाइट गेली तर आणखी घोळ: परत आल्यावर काही मशीनं शेवटचं लेबल पुन्हा काढतात आणि एकाच नंबरच्या दोन गाठी तयार होतात. हा तरुण असं जास्तीचं लेबल रजिस्टरमध्ये चिकटवून वर काट मारतो.

गावाच्या नावाचं मात्र त्याच्या हातात काही नाही. एका गाठीला साधारण पाच क्विंटल कपाशी लागते. हंगामात खेडोपाडीच्या गाड्या रांगेने येतात आणि कपाशी एकाच गंजीवर पडते. गंजीतून निघालेल्या गाठीवर गाव कोणतं टाकायचं? जे टाइप कराल ते मशीन इमानाने छापतं. गावागावाच्या गंज्या वेगळ्या लावायच्या तर आवार दुप्पट लागेल, आणि डिसेंबरात तिथे गाडी उलटी वळवायलाही जागा नसते.